धागा ओवायला सोपा धोटा: डोळ्यात काय बदल करायचा आणि कसा

मागावर उभ्या धाग्यांतून (ताण्यातून) आडवा धागा (बाणा) नेतो तो धोटा. त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते आणि धागा टोकाजवळच्या भोकातून, म्हणजे डोळ्यातून, बाहेर पडतो. साध्या यंत्रमागावर एक कांडी किती वेळ पुरते, याचा हिशोब आधी मांडू. २० नंबरचे सुती सूत (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक) एका ग्रॅमला साधारण ३४ मीटर भरते. कांडीवर ३० ग्रॅम सूत असेल तर हजार मीटर झाले. पन्ना (कापडाची रुंदी) ५० इंच आणि माग मिनिटाला १४० पिक (धोट्याची एकेक खेप) मारत असेल, तर मिनिटाला पावणेदोनशे मीटरहून थोडा जास्त बाणा लागतो. म्हणजे साडेपाच-सहा मिनिटांत कांडी संपते. चार माग सांभाळणारा कामगार तासाला चाळीसएक वेळा आणि आठ तासांच्या पाळीत तीनशेहून जास्त वेळा धोट्यात धागा ओवतो. दर वेळी सहा सेकंद वाचले तरी पाळीत अर्धा तास वाचतो.

बंद डोळ्याच्या धोट्यात वेळ जातो तो धाग्याचे टोक भोकापर्यंत नेण्यात. त्यावर जुना उपाय म्हणजे डोळ्याला तोंड लावायचे आणि श्वासाने धागा बाहेर ओढायचा. लँकेशायरच्या गिरण्यांत याला ‘किसिंग द शटल’ म्हणत. या ओढण्याबरोबर सुताची तूस, खळ आणि रंगही तोंडात जातो, आणि एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये असे तोंडाने ओढायचे धोटे वापरायला कायद्याने बंदी घातली. त्याच राज्यातल्या होपडेल गावच्या ड्रेपर कंपनीने १८९४ च्या सुमारास नॉर्थ्रप माग बाजारात आणला होता. त्यात माग चालू असतानाच कांडी बदलली जाई, त्यामुळे हाताने ओवण्याचा प्रश्नच नव्हता. धागा आपोआप डोळ्यात पडेल असा धोटा करणे भागच होते. त्या धोट्यातली युक्ती साध्या मागालाही लागू पडते.

युक्ती अशी: टोक ओवायचेच नाही, धागा आडवा आत घालायचा. भोक मोठे केल्याने काही साधत नाही, कारण टोक शोधावे लागतेच, शिवाय मोठ्या भोकात धागा नाचतो. त्याऐवजी डोळ्याला वरून खाच द्यायची. धागा खाचेवर ठेवून ओढला की घसरून आपल्या जागी बसला पाहिजे. खाच पाडणे सोपे असते. चालत्या मागात धागा त्याच खाचेतून परत बाहेर येऊ नये, हे खरे अवघड काम आहे.

धागा कुठे कुठे ओढला जातो

धोटा हातात घ्या आणि डोळ्यातून धागा बाहेर काढून दोन्ही दिशांना ओढून पाहा. धोट्याचे डोळ्याकडचे टोक पुढे असताना धागा डोळ्यातून बाहेर पडून मागे वळतो आणि धोट्याच्या पुढच्या भिंतीला घासत जातो. परतीच्या पिकात डोळा मागे असतो आणि धागा जवळजवळ सरळ मागे निघतो. म्हणजे ताण एकदा कांडीच्या बाजूला असतो, एकदा धोट्याच्या टोकाच्या बाजूला. वरच्या बाजूला ताण कधीच नसतो. धागा वर उसळतो तो फक्त सैल पडल्यावर: धोटा मागाच्या कडेच्या पेटीत आपटून थांबतो त्या क्षणी, किंवा कांडीवरून सुटणाऱ्या धाग्याचा फुगा मोठा झाला तर.

त्यामुळे खाचेचे तोंड वर हवे, पण धाग्याची बसण्याची जागा तोंडाच्या सरळ खाली नको. खाच ६ ते ८ मिमी खाली उतरावी, मग ४ मिमी कांडीच्या बाजूला वळावी आणि शेवटी २ मिमी पुन्हा खाली जावी. अशा वळणात बसलेला धागा बाहेर यायचा तर त्याला आधी वर, मग बाजूला, मग पुन्हा वर जावे लागते. ताणलेला धागा तसे करत नाही, आणि सैल पडलेल्या धाग्याला तेवढा वेळच मिळत नाही. सरळ उभी खाच पाडून ‘धागा उडतो’ म्हणून पुन्हा बंद डोळ्याकडे वळलेले लोक या वळणालाच मुकलेले असतात.

खाचेची रुंदी सुताप्रमाणे ठरते. ४० नंबरच्या सुती धाग्याची जाडी साधारण ०.१४ मिमी असते, २० नंबरची ०.२ आणि १० नंबरची ०.२८. गाठ धाग्याच्या तिप्पट धरा. २० ते ४० नंबरला १ मिमी खाच पुरते. टॉवेल-चादरीच्या जाड सुताला दीड मिमी ठेवा. त्याहून रुंद केलीत तर फायदा काही नाही, धागा निसटण्याची सोय मात्र होते.

हातमागाच्या धोट्याला तारेचा डोळा

झटक्याच्या (दोरी ओढून धोटा उडवायच्या) हातमागावर धोट्याला बसणारा मार हलका असतो, म्हणून इथे तारेचे वेटोळे चालते. यंत्रमागाला हा प्रकार लावू नका. त्याचे पुढे येईलच.

लागणारे सामान: १६ गेजची कडक स्टेनलेस तार (जाडी साधारण १.६ मिमी), ४ मिमीचा ड्रिल-बिट, पक्कड, बारीक कानस, ४०० आणि ८०० नंबरचा एमरी पेपर, पटाशी, दोन ट्यूबांचा इपॉक्सी गम आणि एक निकामी जुना धोटा. पहिला प्रयोग जुन्या धोट्यावरच करा.

१. धोट्यात भरलेली कांडी बसवा आणि कांडीच्या शेंडीपासून (डोळ्याकडच्या टोकापासून) डोळ्यापर्यंत धागा ताणून धरा. शेंडी आणि डोळा यांत ३० ते ४० मिमी अंतर असावे आणि दोन्ही एका उंचीवर असावेत. कांडी धरणारी सळई वाकून शेंडी एका बाजूला झुकली असेल तर आधी ती सरळ करा. ती तशीच ठेवून डोळा कितीही चांगला केला तरी कांडी संपत आली की धागा तुटणार.

२. पुढच्या भिंतीची जाडी मोजा. ५ मिमीपेक्षा कमी असेल तर त्या धोट्याचा नाद सोडा. खोबण केल्यावर लाकूड तिथेच चिरेल.

३. ड्रिल-बिटच्या दांड्याभोवती तारेचे सव्वा वेटोळे घ्या. वेटोळ्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक एकमेकांवरून पाव फेरा पुढे जावे आणि दोन्हींमध्ये १ मिमी फट राहावी. एक टोक १० मिमी लांब सोडा, ते लाकडात जाईल. दुसऱ्या टोकाची धार कानसून पूर्ण गोल करा.

४. वेटोळ्याची दिशा बघा. कांडीवरून धागा सुटताना गोल फिरत सुटतो. तो ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने वेटोळे उलगडत असेल तर धागा स्वतःला बाहेर काढतो. कागदावर विचार करण्यापेक्षा करून पाहणे बरे: वेटोळे कांडीसमोर धरा, धागा त्यात घाला आणि मीटरभर धागा मुद्दाम ढिला सोडत ओढा. बाहेर आला तर वेटोळे उलट्या हाताने पुन्हा वळा.

५. पुढच्या भिंतीत वरून १२ मिमी लांब, १० मिमी खोल खोबण करा. पटाशी लाकडाच्या शिरेच्या दिशेने चालवा. तळाशी तारेच्या टोकासाठी दीड मिमीचे भोक पाडा. तार थोडी दाबूनच आत गेली पाहिजे.

६. कांडीची शेंडी ते डोळा या वाटेवर भिंतीच्या आतल्या कडेला उतरती पन्हळ कोरा. रुंदी ३ मिमी, आणि खोली शेंडीकडे नाममात्र ठेवून डोळ्यापाशी २ मिमीपर्यंत न्या. ओवणे सोपे होते ते खरे या पन्हळीमुळे. धागा कुठेही वरून पडला तरी घरंगळत वेटोळ्याच्या फटीवर येतो, नजरेने नेम धरावा लागत नाही. कमी उजेडात किंवा चाळिशीचा चष्मा जवळ नसताना याची किंमत कळते.

७. तार ४०० आणि मग ८०० नंबरच्या एमरीने घासा आणि शेवटी कापडाने चकाकवा. तपासायला कापसाचा बोळा वेटोळ्यातून फिरवा. कापसाचा एक तंतूही अडकला तर तिथे धातूची खरखर राहिली आहे. येवला-पैठणच्या रेशमी बाण्यासाठी ही चाचणी दोनदा करा, रेशमाचा तंतू सुतापेक्षा लवकर फाटतो.

८. गम लावून तार बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. वेटोळे भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून आणि वरच्या कडेपासून किमान अर्धा मिमी आत असले पाहिजे. बोट फिरवून पाहा, लागता कामा नये. बाहेर आलेला डोळा ताण्याचे धागे तोडतो, आणि अडखळलेला धोटा मागाबाहेर उडतो.

आता ओवण्याची हालचाल: कांडी बसवा, धागा टोकाकडे ओढा, मग स्वतःकडे आणि खाली. दोनच हालचाली.

यंत्रमागाला

इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, आणि तिथे, तसेच मालेगाव-भिवंडीत, साधे माग अजून चालतात. धोट्याला ढकलणाऱ्या पिकरचा मार आणि पेटीतला धक्का तारेचे वेटोळे फार दिवस सोसणार नाही. इथे खाचेचा चिनीमातीचा किंवा ओतीव धातूचा तयार डोळाच बसवावा, तोही धोटे दुरुस्त करणाऱ्याकडून. असलेल्या चिनीमातीच्या बंद डोळ्याला घरी चीर पाडण्याच्या फंदात पडू नका. तो तडकतो, आणि न दिसणारी तडक बाण्याची साल काढत राहते.

दुकानात ‘ओवायला सोपा द्या’ एवढे सांगून भागत नाही. डोळा उजव्या हाताचा की डाव्या, धोट्याची लांबी आणि वजन, कांडीची लांबी, सूत कोणते व किती नंबरचे, आणि माग एका धोट्याचा की ड्रॉप-बॉक्सचा (अनेक धोट्यांचा) हे लिहून न्या. डोळा हातात घेतल्यावर खाचेचे वळण बघा. सरळ खाच असेल तर परत करा.

खाचेचा डोळा धाग्याला बंद डोळ्याइतका आवळत नाही, म्हणून बाण्याचा ताण कमी होतो. तो मोजून भरून काढा. जुना धोटा बाकावर पक्का धरा, डोळ्यातून धागा खाली लोंबता सोडा आणि त्याला एकेक वॉशर अडकवत जा. धागा संथ सुटायला लागला की वॉशर काट्यावर तोला. नव्या डोळ्यावर तेच वजन येईपर्यंत आतल्या भिंतीला धाग्याला घासून ताण देणारी फरची पट्टी किंवा नायलॉनचे झुपके वाढवा. भरलेल्या, अर्ध्या आणि संपत आलेल्या अशा तिन्ही कांड्यांवर मोजा, कारण शेवटच्या थरांत ताण आपोआप वाढतो. फक्त भरलेल्या कांडीवर जुळवलेला ताण शेवटी धागा तोडतो.

मग मोटर बंद ठेवून माग हाताने फिरवा, दहा-बारा पिक. धोटा दोन्ही पेट्यांत नीट शिरतो का आणि धागा धोट्याच्या बाहेरच्या भिंतीवरल्या खोबणीत राहतो का ते पाहा. चालू मागात हात घालून धागा तपासायचा नाही. त्यानंतर तीन पूर्ण कांड्या चालवा आणि कापड उजेडावर धरा.

कापड काय सांगते

एका काठाशी बाण्याचे लूप दिसले तर ताण कमी आहे, किंवा धोटा पेटीत आदळून मागे उसळतो आहे. दुसऱ्या कारणाचा डोळ्याशी संबंध नाही, पेटीची पकड वाढवा. काठ आत ओढला जात असेल तर फर जास्त झाली. कांडी बदलल्यावर पहिल्या दोन-तीन पिकांतच माग थांबला तर धागा वळणात बसलाच नव्हता. ओवताना ‘खाली’ची हालचाल राहून गेली. मधेच कुठेही, कारण न सापडता धागा निसटत असेल तर फुगा तपासा. फरचा झुपका शेंडीपासून फार लांब असतो, तो जवळ आणा. आणि कांडी संपताना दर वेळी धागा तुटत असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर या: सळई आणि डोळा एका रेषेत नाहीत.

ड्रॉप-बॉक्सच्या मागावर एकच धोटा बदलून चालत नाही. सगळ्या धोट्यांचे वजन पाच ग्रॅमच्या आत जुळवा, नाहीतर एक धोटा पेटीत जोरात आणि दुसरा मंद येतो, आणि पिकिंगचा दोष डोळ्याच्या माथी मारला जातो.

एवढे करायची तयारी नसेल तर निदान दोन गोष्टी आजच होण्यासारख्या आहेत. बारीक पितळी तारेचा आकडा करून दर मागाला दोरीने बांधून ठेवा. डोळ्यातून आत घालायचा, धागा अडकवायचा, बाहेर ओढायचा, तोंड लावायची गरज नाही. आणि कांड्या भरणाऱ्यांना सांगा की कांडी भरली की धाग्याचे वीतभर टोक शेंडीवर तीन-चार फेरे गुंडाळून सोडा. टोक कांडीच्या पोटात दाबलेले असले की ते शोधण्यातच चार सेकंद जातात, आणि तो वेळ कोणताही डोळा परत देत नाही.

खाचेचा डोळा चिनीमातीचा असो की तारेचा, आठवड्यातून एकदा त्यातली तूस दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा आणि कापसाचा बोळा फिरवा. पॉलिस्टर धागा तारेवर हळूहळू चरा पाडतो. चरा नखाला लागायला लागला की तार घासत बसू नका, नवी घाला.