स्नायूतली कृमीची गाठ: अल्बेंडाझोल देण्याआधी डोळा आणि मेंदू तपासा

दंडात, पोटरीत, गालाच्या स्नायूत दुखरी गाठ येते, फुगते, कधी आपोआप ओसरते. गळू समजून चिरा देण्याआधी सिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीचा शरीरात झालेला कोष, आठवावा. टीनिया सोलियम या फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, कच्च्या भाजीत, न धुतलेल्या हातांवर येतात आणि तिथून पोटात जातात. म्हणून "मी मांस खात नाही" या उत्तरावर निदान बाद करू नका.

पहिली तपासणी सोनोग्राफी, 7 ते 12 मेगाहर्ट्झच्या लिनियर प्रोबने. लांबट कोष आणि त्याच्या भिंतीला चिकटलेला चमकदार ठिपका, म्हणजे कृमीचे डोके, दिसले की निदान जवळजवळ पक्के. ठिपका अवघा 2-3 मिलिमीटरचा असतो. घाईत तो सुटतो, तेव्हा प्रोब उभा-आडवा सावकाश फिरवा. कोष फुटला असेल तर डोके दिसत नाही, चित्र गळवासारखे होते. तिथे एमआरआय करा. जुन्या, मेलेल्या गाठी एक्स-रेत स्नायूच्या दिशेने पडलेल्या तांदळाच्या दाण्यांसारख्या दिसतात. इओसिनोफिल (कृमी असताना वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) नॉर्मल असले किंवा एकाच गाठीत अँटिबॉडी निगेटिव्ह आली, तरी आजार नाही असे ठरत नाही.

गाठ मोठी आहे, आत छोटे-छोटे कोष आहेत, डोके मात्र नाही? मग हायडॅटिडचा, म्हणजे दुसऱ्या एका फीतकृमीच्या कोषाचा, संशय घ्या आणि सुई घालू नका. गळती झाली तर जीवघेणी ॲलर्जी उसळू शकते. यकृताची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करा.

सिस्टिसर्कोसिस ठरला तरी अल्बेंडाझोल या कृमिनाशकाची गोळी लगेच नको. औषधाने कृमी मरताना सूज येते. तो कृमी डोळ्यात असेल तर दृष्टी जाऊ शकते, मेंदूत असेल तर झटके येऊ शकतात. फंडस (डोळ्याच्या आतल्या पडद्याची) तपासणी आणि मेंदूचा एमआरआय किंवा सीटी आधी, हे टाळण्याजोगे नाही. दोन्हीकडे काही नसेल तर अल्बेंडाझोल दिवसाला किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन भागांत; प्रौढाला बहुधा 400 मिलिग्रॅम दोनदा, 2 ते 4 आठवडे. तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घेतले तर ते जास्त शोषले जाते. सूज आवरायला सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, नंतर हळूहळू कमी करत बंद. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला, मग दर दोन आठवड्यांनी. गरोदरपणात अल्बेंडाझोल टाळा. पहिल्या काही दिवसांत गाठ दुखली-फुगली तर रुग्ण स्वतःच गोळ्या थांबवतो. म्हणून असे होऊ शकते हे त्याला आधीच सांगून ठेवा.

एकुलती एक गाठ नस दाबत असेल किंवा औषधाने जात नसेल, तर ती न फोडता अख्खी काढून हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवा. चुना साचलेल्या, न दुखणाऱ्या गाठींना औषध लागत नाही.

रुग्णाची आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्याची, शौचतपासणी करा. आतड्यात फीतकृमी सापडला तर प्रौढाला निक्लोसामाइड 2 ग्रॅम एकदाच, चावून. प्राझिक्वांटेल हे दुसरे कृमिनाशक मेंदूतल्या कोषांवरही काम करते, म्हणून मेंदू तपासल्याशिवाय ते देऊ नका.