एलईडी बल्ब घेताना आणि लावताना या चुका टाळा

जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला आणि दिवा रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. पण दुकानात नुसतं ‘नऊ वॉटचा द्या’ म्हणू नका. वॉटवरून वीज किती लागते ते कळतं, उजेड किती पडेल ते ल्यूमेनवरून कळतं. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन द्यायचा. खोक्यावर निदान तेवढा आकडा पाहा, छापलेलाच नसेल तर दुसरा बल्ब मागा.

देवघरातला ‘झिरोचा’ बल्ब बदलायचा मात्र राहून जातो. तो जुन्या पद्धतीचा असेल तर दहा-पंधरा वॉट वीज घेतो, आणि बहुतेक घरांत रात्रभर चालू असतो. अर्ध्या वॉटचा एलईडी तिथे पुरतो. माझ्या मते बदलाची सुरुवात इथूनच करावी.

रंग न बघता घेतलेला बल्बही पुढे खटकतो. पिवळ्या बल्बचा ऊबदार उजेड हवा असेल तर २७०० किंवा ३००० केल्विन घ्या. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा निजायच्या खोलीत डोळ्यांवर येतो. ओट्यावर ४००० बरा, आणि तिथे सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर असू द्या, नाहीतर भाजीचा ताजेपणा कळत नाही.

‘एलईडी टिकत नाहीत’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पुष्कळदा कारण उष्णता असते. जुना बल्ब आपली उष्णता काचेतून बाहेर टाकायचा. एलईडीची उष्णता मागे बुडाशी जाते आणि वीज बदलून देणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, तिथेच असतं. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात किंवा छतातल्या खोबणीत बल्ब घातला की ड्रायव्हरमधला कपॅसिटर तापून सुकतो. आतले बारीक एलईडी चांगले असतात, ड्रायव्हर जातो. अशा ठिकाणी कमी वॉटचा बल्ब घ्या किंवा हवा खेळेल असं झाकण लावा. होल्डरच्या पिना सैल असतील तर ठिणग्या पडून नवा बल्बही लवकर जातो, म्हणून काळा पडलेला होल्डर आधी बदला.

बटण बंद केलं तरी बल्ब मंद पेटत राहतो? बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित प्रवाहही एलईडीला पुरतो. जिन्याच्या दिव्याला, जिथे दोन्हीकडून बटणं असतात, लांब समांतर तारांमुळेही असं होतं. पण तिसरं कारण धोक्याचं आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असणं. तेव्हा दिवा बंद दिसत असूनही होल्डरमध्ये करंट असतो आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. हे वायरमनकडूनच तपासून घ्या, आणि तोवर त्या होल्डरला मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका.

उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर साधा एलईडी लावला तर तो लुकलुकतो किंवा गुणगुणतो. ‘डिमेबल’ लिहिलेलाच घ्या.

फुटपाथवरच्या बिनानावाच्या बल्बावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर घेऊ नका. चांगल्या बल्बावर बहुधा एक-दोन वर्षांची वॉरंटी असते. पावती ठेवा आणि बल्बाच्या बुडावर लावल्याची तारीख मार्करने लिहा.