ग्रबचा एरर मेसेज वाटेत कुठे गळतो

ग्रब हा लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम लोड करणारा प्रोग्राम. त्याच्या कोडमध्ये पहिल्यांदा हात घालणाऱ्यांना मी फाइलसिस्टीमच्या ड्रायव्हरपासून, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी वाचणाऱ्या भागापासून सुरुवात करायला सांगतो, आणि त्यातही एरर मेसेजपासून. मशीन बूट होत नाही तेव्हा समोरच्या माणसाकडे लॉग नसतो, इंटरनेट नसतं. पडद्यावरची एक ओळ असते, ती खरी आणि नेमकी असायलाच हवी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२एफएसप्रॉग्ज १.४७.० आलं (लिनक्सची एक्स्ट४ फाइलसिस्टीम बनवणारी, तपासणारी टूल्स) आणि नव्या एक्स्ट४ वर 'मेटाडेटा चेकसम सीड' हे फीचर आपोआप चालू होऊ लागलं. ग्रब २.०६ ला ते ओळखता येत नव्हतं. लोकांना दिसलं एवढंच: 'अननोन फाइलसिस्टीम'. गंमत अशी की ग्रबच्या एक्स्ट२ ड्रायव्हरमध्ये (एक्स्ट४ ही तोच वाचतो) नेमका मेसेज लिहिलेला आहे, न पेलणारी इनकम्पॅटिबल फीचर्स आहेत असा. मग तो जातो कुठे?

ग्रब एकेका ड्रायव्हरला विचारत जातो, ही डिस्क तुझी का? ड्रायव्हरने 'बॅड एफएस' हा कोड दिला, की प्रोब करणारं, म्हणजे ही विचारपूस करणारं फंक्शन एरर पुसून पुढच्या ड्रायव्हरकडे वळतं. 'ही माझी नाही' आणि 'माझीच आहे, पण वाचता येत नाही' या दोन्हींसाठी कोड एकच, त्यामुळे दुसरं कारणही पुसलं जातं.

हे स्वतः बघा. चौसष्ट एमबीची फाइल करा, तिच्यावर एमकेई२एफएस या टूलने एक्स्ट४ बनवा. फाइलसिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा सुपरब्लॉक १०२४व्या बाइटपासून सुरू होतो आणि त्यातले इनकम्पॅट (इनकम्पॅटिबल) फीचर्सचे चार बाइट शून्यापासून मोजले तर ११२० ते ११२३. डीडी या बाइट कॉपी करणाऱ्या कमांडने, नोट्रंक देऊन (म्हणजे बाकीची फाइल कापली जात नाही), ११२३ वर हेक्स ८० लिहा. तो बिट कुठल्याच फीचरला दिलेला नाही. मग त्या फाइलवर ग्रब-एफएसटेस्ट चालवून लूप० ची, म्हणजे टूल त्या फाइलला देतं त्या डिस्कची, यादी मागा. हे टूल ग्रबचेच ड्रायव्हर साध्या प्रोग्रामसारखे चालवतं, रीबूटची गरज नाही. डीबगला 'एफएस' दिलं की कोणता ड्रायव्हर कधी नाही म्हणाला ते दिसतं, पण का म्हणाला ते दिसत नाही. त्यासाठी जीडीबी या डीबगरमध्ये एरर नोंदवणाऱ्या ग्रब-एरर फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवणारी खूण) लावा. प्रत्येक ड्रायव्हरपाशी थांबेल. एक्स्ट२ येईपर्यंत पुढे जात राहा. तिथे तो हरवलेला मेसेज आर्ग्युमेंटमध्ये सापडतो. नवख्याने हा क्षण चुकवू नये.

ग्रबमध्ये चालू एररसाठी जागा एकच असते. एरर आल्यावर साफसफाईच्या कोडने दुसरी एरर नोंदवली तर पहिली गेली. म्हणून एरर बाजूला ठेवणारं पुश आणि परत आणणारं पॉप आहे, दहा एररपर्यंत जपतात. उलटं प्रकरण जास्त वाईट: फंक्शन अपयशी ठरून परततं, पण एरर नोंदवतच नाही. फाइल उघडत नाही आणि पडद्यावर काहीच नाही. रिव्ह्यू करताना मी प्रत्येक 'गोटू फेल'च्या (अपयशाच्या वाटेवर उडी मारणाऱ्या ओळीच्या) आधीची ओळ याच नजरेने वाचतो.

मात्र पुसणं सगळीकडे चूक नाही. इवल्याशा डिस्कवर सुपरब्लॉक वाचायला गेलं की 'डिस्कच्या बाहेर' अशी एरर येते. एक्स्ट२ ड्रायव्हर मुद्दाम तिचं 'ही एक्स्ट२ नाही' असं रूपांतर करतो, म्हणजे बाकीच्यांना संधी मिळते. तेव्हा प्रोबच्या वागण्यात बदल सुचवणारा पॅच पाठवण्याआधी ५१२ बाइटच्या इमेजवरही तो चालवून बघा.