मोटरहोमची स्लाइड अडकली? आधी बॅटरी बघा

स्लाइड, म्हणजे मोटरहोमचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) मोटरने बाहेर सरकणारा खोलीसारखा भाग, अर्ध्यात थांबली की लोक लगेच मोटर गेली म्हणून घाबरतात, पण बऱ्याचदा दोष बॅटरीचा असतो. मल्टिमीटर लावा, फुल चार्ज लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या आसपास असेल तर बटण दाबत बसूच नका, लोडवर ती अजून खाली जाते आणि मोटर नुसती कण्हते. शोअर पॉवर (बाहेरच्या प्लगवरून वीज) लावा किंवा इंजिन चालू करा, मग फ्यूज आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरा गंजाचा थर बघा.

दोन मोटरवाली स्लाइड तिरकी जात असेल तर सहसा दोन्ही मोटर्सचा मेळ सुटलेला असतो. ती पूर्ण बाहेर काढून मोटर्स आपोआप थांबेपर्यंत बटण दाबून ठेवा, मॅन्युअलमधली पद्धत मात्र आधी वाचाच.

आता सील, म्हणजे स्लाइडच्या कडेची पाणी अडवणारी रबरी पट्टी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोलोराडोत पाइनखाली दोन दिवस थांबलो, निघताना स्लाइडचं छप्पर झाडलं नाही, काड्या सीलखाली ओढल्या गेल्या, रबर बोटभर फाटलं आणि पुढच्या पावसात आतला कार्पेट ओला. तेव्हापासून शिडी लावून, झाडू मारल्याशिवाय मी स्लाइड आत घेतच नाही. रबराला पेट्रोलियमवालं काही लावू नका, ते फुगतं, रबर सील कंडिशनरच वापरा. स्लाइड जिच्यावर सरकते त्या दातेरी पट्टीला ग्रीस नको, धूळ चिकटते, ड्राय ल्युब्रिकंट मारा.

आणि गाडी लेव्हल केल्याशिवाय स्लाइड बाहेर काढू नका प्लीज.