जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : बिऱ्हाड हलवण्याआधी काय करावे, नंतर काय

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या फोंड्याकडच्या नाट्यमंडळाचा लॅपटॉप सहाव्या पिढीतला. जत्रेच्या नाटकांच्या संहिता, वर्गणीच्या याद्या, सगळे त्याच्यावर. यंत्र धडधाकट, म्हणून विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम घातली. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

आधी प्रोग्राम बदला, सिस्टिम नव्हे

बहुतेक जण एका रविवारी बसतात, विंडोज पुसतात आणि सोमवारी कपाळाला हात लावतात. तसे करू नका. इंटरनेटसाठी फायरफॉक्स, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी हे तिन्ही प्रोग्राम मिंटप्रमाणे विंडोजवरही चालतात. दोन-तीन आठवडे विंडोजमध्येच फक्त हेच वापरा. अडचण डोक्याची नसते, बोटांची असते. बोटांना सवय झाली की खालची सिस्टिम बदलल्याचे फारसे जाणवत नाही. याच दिवसांत तुमचे कोणते काम अडते तेही कळेल. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. दुकानाचा हिशेब त्यात असेल तर विंडोज ठेवावेच लागेल. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी विचारून घ्या.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली

मराठी माणूस खरा अडकतो तो इथे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणारी आजची पद्धत, येण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत देवनागरी अक्षरे नसतातच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवतो. फॉन्ट नसला की सूत्रधाराच्या तोंडी नुसती रोमन खिचडी. तेव्हा विंडोज अजून हाताशी असतानाच अशा प्रत्येक फाइलीची पीडीएफ करून ठेवा. ज्या संहितेला पुन्हा हात लागणार नाही, तिला एवढे पुरे.

बदल करायचा असेल तर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न ओळ वाचा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी साठवलेला असतो, रफार नंतर. उलटापालट करताना कन्व्हर्टर हमखास इथेच चुकतो. आम्ही दोघे जण वाचायला बसलो, एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पीडीएफवर बोट ठेवायचे. कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय मला सापडला नाही.

पेन ड्राइव्हवरून चाखून बघा

सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मग मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल, उतरवा आणि एचर नावाच्या प्रोग्रामने तो ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे विसरू नका. लॅपटॉप सुरू होताना बूटचा मेनू उघडा आणि त्यात पेन ड्राइव्ह निवडा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालेल, हार्ड डिस्कला धक्का न लावता.

वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा, झाकण मिटून उघडा. वायफाय दिसले नाही तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. प्रिंटर याच वेळी जोडून बघा. आमचा छोटा लेझर प्रिंटर शेवटपर्यंत रुसूनच बसला. आता छपाई शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे.

सगळे पटले तरच डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर जा. विंडोजसोबत ठेवण्याचा पर्याय निवडलात तर डिस्कची वाटणी होते, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर फाइली जाऊ शकतात. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावालाच असते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. इन्व्हर्टर नसेल तर हे काम पावसाच्या दिवशी करूच नका.

पहिला आठवडा

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर मराठी जोडा आणि इंग्रजी-मराठी बदलायची बटणेही तिथेच ठरवा. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी येत असेल तर काहीच नवे शिकायचे नाही : शिफ्ट आणि एन म्हणजे ळ, शिफ्ट-जे, मग डी, मग य चे बटण म्हणजे ‘ऱ्य’. कोकणीचे टायपिंगही देवनागरीत याच लेआउटवर होते. रेमिंग्टनच्या टाइपरायटरी मांडणीवर हात बसलेल्यांना मात्र पहिले काही दिवस जड जातील.

नवा प्रोग्राम हवा असला की विंडोजच्या सवयीने इंटरनेटवर फाइल शोधू नका. आधी सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा. टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे अपडेटने काही बिघडले तर सिस्टिम मागे नेता येते. तुमची कागदपत्रे मात्र त्यात सहसा येत नाहीत, ती वेगळी जपा.

आमचे प्रॉम्प्टर मास्तर पहिल्या दिवशी संहिता उघडून ओरडले, “सगळें गेलें मरे!” गेले काहीच नव्हते. विंडोजचा मंगल फॉन्ट मिंटमध्ये नसतो, त्याच्या जागी दुसरा बसला, ६२ पानांची ६६ झाली आणि मास्तरांच्या खुणांची पाने सरकली. नोटो सेरिफ देवनागरी फॉन्ट लावला, खुणा नव्याने केल्या, फाइल लिबरऑफिसच्या ओडीटी प्रकारात ठेवली. वाटायची प्रत पीडीएफच करावी, ती कुठेही उघडली तरी पान हलत नाही.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर कधीतरी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लॅपटॉपमधले घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर चालवतो आणि विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचतो, म्हणून. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली की तेवढ्यापुरते ठीक होते. आमच्याकडे रात्री साडेनऊच्या तालमीला लॅपटॉप दुपारचे चार दाखवत होता, आणि उशिरा येणाऱ्या नटाने लगेच तिकडे बोट दाखवले.