टायटॅनिकचे आभासी मॉडेल करताना या चुका टाळा

टायटॅनिकचे त्रिमितीय मॉडेल तपासायला आले की मी सर्वांत आधी ए डेककडे, म्हणजे जहाजाच्या वरच्या मजल्यांपैकी एकाकडे, पाहतो. फेरफटक्यासाठी असलेल्या त्या डेकचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंदिस्त केलेला आहे की डेक टोकापासून टोकापर्यंत उघडाच ठेवला आहे, एवढ्यावरून काम करणाऱ्याने छायाचित्रे नीट पाहिली आहेत की नुसती गोळा केली आहेत, हे समजते. बहुतेक वेळा तो उघडा असतो, कारण समोर ठेवलेले छायाचित्र टायटॅनिकचे नसून त्याच्या जोडजहाजाचे, ऑलिंपिकचे, असते.

दोन्ही जहाजे बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या कारखान्यात शेजारीशेजारी बांधली गेली. ऑलिंपिक जून १९११ मध्ये प्रवासाला लागले आणि १९३५ पर्यंत चालले. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ रोजी साउदॅम्प्टनहून निघाले आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाले. साहजिकच, ज्याला आपण टायटॅनिकचे छायाचित्र म्हणून ओळखतो त्यातले बरेचसे, विशेषतः आतल्या दालनांचे, ऑलिंपिकवर काढलेले आहे. सुप्रसिद्ध भव्य जिन्याचे टायटॅनिकवर काढलेले एकही छायाचित्र ज्ञात नाही. त्यातच बी डेकवर दोन्ही जहाजांची रचना वेगळी आहे. ऑलिंपिकवर तेथे फेरफटक्याची जागा असल्याने खिडक्या समान अंतरावर आहेत, तर टायटॅनिकवर खोल्या थेट जहाजाच्या बाजूपर्यंत वाढवल्याने त्या कमीजास्त अंतरावर आहेत. त्या एका डेकच्या खिडक्या कॉपी-पेस्ट करून भरल्या की पुढचे सगळे काम दुसऱ्याच जहाजाचे होते.

बरे, खुद्द टायटॅनिकची छायाचित्रेही तारखेशिवाय उपयोगाची नाहीत. ३१ मे १९११ रोजी जहाज पाण्यात उतरवले तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात सी डेकवर १४ गोल खिडक्या होत्या. प्रवासाला निघताना त्या १६ होत्या. ए डेकचा तो बंदिस्तपणाही अगदी शेवटच्या आठवड्यांतला आहे. बुडाले ते टायटॅनिक नव्हतेच, दोन्ही जहाजांची अदलाबदल झाली होती, असा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी याच खिडक्यांवर आपले इमले उभे केले आहेत. त्यांच्या वाटेला आपण जाऊ नये, पण खिडक्या मोजाव्यात. माझी पद्धत साधी आहे. मॉडेल कोणत्या दिवसाचे करायचे ते आधी ठरवावे, मी १० एप्रिल १९१२ धरतो. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलच्या नावात जहाज, तारीख आणि बाजू लिहावी, आणि यातले काही माहीत नसेल तर ते छायाचित्र संदर्भाच्या फोल्डरमध्ये येऊ देऊ नये. ऑलिंपिकवरून घ्यावेच लागते, उदाहरणार्थ तो जिना, तेव्हा त्या वस्तूच्या नावापुढे ‘अनुमान’ असे लिहून ठेवावे. नवशिक्यांना हे कारकुनी काम वाटते, आणि त्यांच्या जिन्यावर पहिल्याच आठवड्यात झुंबराचा प्रकाश पडलेला असतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. जहाजाचे डेक सपाट नसतात. मध्यभागी खाली आणि दोन्ही टोकांकडे वर चढत जाणारी त्यांची रेषा असते, तिला शीअर म्हणतात. गोल खिडक्यांच्या रांगा, कठडे, फळ्या हे सारे याच रेषेने जाते. एका हौशी तरुणाने मला संपूर्ण वरचा भाग करून दाखवला होता, दारांच्या मुठींसकट. काम देखणे होते, पण सगळे डेक पट्टी लावून आखलेले. शीअर राहून गेल्याचे सांगितल्यावर त्याने त्याच रात्री ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील बेंड, म्हणजे वस्तू कमानीसारखी वाकवणारे साधन, वापरून अख्खे जहाज वाकवले आणि सकाळी विजयी मुद्रेने रेंडर, म्हणजे मॉडेलवरून तयार केलेले चित्र, पाठवले. पुढच्या टोकाकडची दारे मागे कललेली, मागच्या टोकाकडची पुढे कललेली, खांब वादळात सापडलेल्या कुंपणासारखे, आणि लांबी ८८२ फूट ९ इंचांवरून चक्क आखडलेली. बेंड प्रत्येक बिंदू वळवते. खऱ्या जहाजात मात्र डेक चढत गेले तरी सांगाड्याच्या फासळ्या आणि दारांच्या चौकटी तळाच्या रेषेशी काटकोनातच उभ्या असतात. त्याला बहुतेक काम पुन्हा करावे लागले, कारण मूळ सपाट प्रत त्याने जपून ठेवली नव्हती.

आदर्श मार्ग म्हणजे शीअरची वक्ररेषा पहिल्या दिवशी आखून त्यावरच बांधकाम करणे. सपाट मॉडेल तयार असेलच तर लॅटिस, म्हणजे मॉडेलभोवतीची आकार बदलणारी बिंदूंची जाळी, वापरावी आणि तिचे बिंदू फक्त उभ्या अक्षावर हलवावेत, म्हणजे उभ्या रेषा उभ्याच राहतात. त्यापूर्वी लांब वस्तूंना पुरेसे तुकडे द्यावेत. शंभर फुटांच्या कठड्याच्या नळीला दोन टोकांचे दोनच छेद असतील तर ती सरळच राहते आणि डेक तिच्यापासून सुटून खाली जातो. मी दर ३ फुटांवर तुकडा करतो, कारण जहाजाच्या मधल्या भागात फासळ्यांचे अंतर ३६ इंच होते आणि पुढे खिडक्या बसवताना तीच जाळी कामी येते. धुराडी आणि डोलकाठ्या यानंतरच उभ्या कराव्यात. त्या मुळातच मागे कललेल्या आहेत.

रंगांबाबत थोडक्यात सांगतो. त्या काळी छायाचित्रे टिपणाऱ्या काचपट्ट्या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत, त्यामुळे पाण्याखालचा लाल भाग छायाचित्रात काळपट आणि धुराड्यांचा पिवळसर रंग प्रत्यक्षाहून गडद दिसतो. छायाचित्रातली छटा उचलून संगणकाकडून रंगवून घेणे, हा सध्याचा लाडका आडमार्ग मला मुळीच मान्य नाही.

जहाजात सुमारे ३० लाख रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, होते म्हणून तेवढे घडवायला बसू नये; ते नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठावर उठावाचा आभास देणाऱ्या चित्रात, घालावेत. पत्र्यांच्या एकमेकांवर चढलेल्या कडा मात्र खऱ्या भूमितीनेच कराव्यात, कारण तिरप्या उन्हात जहाजाची बाजू त्या कडांमुळेच खरी वाटते.

फूट आणि मीटर एका फाइलमध्ये मिसळू नयेत. कॅमेरा भिंतीला अडकतो म्हणून खोल्या मोठ्या करू नयेत. प्रत्येक खोली थोडी थोडी वाढवत गेलात तर ९२ फूट ६ इंच रुंदीत त्या मावणारच नाहीत. चौथ्या धुराड्यातून काळ्या धुराचे लोट काढू नयेत; ते बॉयलरना जोडलेले नव्हते, त्याचा मुख्य उपयोग हवा खेळती ठेवण्यासाठी होता.

राहता राहिला मधला प्रोपेलर. गोदीतल्या कामगारांच्या डोक्यावर अवाढव्य प्रोपेलर दिसणारे जे छायाचित्र सर्वत्र फिरते ते ऑलिंपिकचे आहे, आणि त्यात मधल्याला चार पाती आहेत. बेलफास्टच्या कारखान्याच्या नोंदवहीत टायटॅनिकच्या मधल्या प्रोपेलरला तीन पाती असल्याची नोंद सापडली आहे. समुद्रतळावर तो भाग गाळात रुतलेला असल्याने डोळ्यांनी पडताळा घेता आलेला नाही. मी तीन पात्यांचा बसवतो, चार पात्यांचाही त्याच फाइलमध्ये लपवून ठेवतो, आणि दोन्हींच्या नावापुढे ‘अनुमान’ लिहितो.