तालमीतल्या अंधारात रेखाटताना

नाटकावर चित्रं करू इच्छिणारं कुणी भेटलं, की पहिला प्रश्न हमखास कागदाचा किंवा रंगांचा असतो. मी उलट विचारतो, तालमी किती पाहिल्या? प्रयोग भराभर पुढे सरकतो. तालमीत एकच प्रवेश पुन्हा पुन्हा होतो, त्यामुळे पहिल्या खेपेला निसटलेला खांदा तिसऱ्या खेपेला हाती लागतो. परवानगी मात्र दिग्दर्शकाची आणि नटांचीही आधीच घ्यावी.

सुरुवातीची दोन वर्षं मी गाजलेल्या प्रसंगांच्याच मागे होतो. चित्रं ओळखू यायची, पण नाटकाच्या फोटोंसारखी वाटायची. मग एका तालमीत विंगेतली नटी दिसली. एक हात चौकटीवर, ओठ पुटपुटताहेत, सगळा भार पुढच्या पायावर. अजून ती ना स्वतः होती, ना पात्र. माझी पहिली चित्रमालिका त्या एका रेखाटनातून उभी राहिली.

उजेडानं मला बरंच शिकवलं. एकदा लाल उजेडातल्या प्रवेशात मी लाल खडूनं काढत होतो. कागदावर काहीच दिसेना, म्हणून आणखी दाबून काढलं. दिवे लागल्यावर पाहिलं, तर पान लाल रेघांनी गच्च भरलेलं. लाल उजेडात पांढरा कागदही लालच दिसतो आणि लाल रेघ त्यात विरून जाते. तेव्हापासून नाट्यगृहात फक्त कोळसा वापरतो आणि रंग शब्दांत टिपतो: ‘गाल निळा, हनुवटीखाली शेंदरी’. रंगकाम दुसऱ्या दिवशी, आठवण ताजी असताना.

फ्रेंच चित्रकार एदगार दगाचं 1870 च्या सुमाराचं ऑपेरातल्या वादकांचं चित्र जरूर बघा, निदान छापील तरी. खाली काळ्या कोटातले वादक दाटीनं बसलेत. वर उजळलेल्या झग्यांतल्या नर्तकी, आणि त्यांची डोकी चौकटीनं चक्क कापलीत. प्रेक्षक म्हणून आपण असंच अर्धवट पाहतो, हे मला त्या चित्रानं दाखवलं. चेहऱ्यांसाठी जपानी चित्रकार शाराकूकडे जावं. 1794-95 मधल्या जेमतेम दहा महिन्यांत त्यानं तिथल्या काबुकी या पारंपरिक नाटकातल्या नटांची शंभराहून जास्त चित्रं केली. त्यांत भूमिकेच्या आड नटाचा स्वतःचा चेहरा दिसत राहतो.

पोटापाण्याचं म्हणाल, तर चित्रं विकली जायला वेळ लागतो. मी पोस्टरं केली, नेपथ्याचे पडदे रंगवले. पडदा जवळून नुसते फराटे वाटतो, शेवटच्या रांगेतून त्याचं झाड होतं. तो हिशेब पुढे माझ्या मोठ्या कॅनव्हासवर उतरला, त्यामुळे ही कामं कमी प्रतीची मानू नका.

आणि प्रत्येक रेखाटनामागे तारीख, प्रवेश आणि दिव्याचा रंग लिहा. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्यांत हे नाही. त्यातल्या कितीतरी आकृती कुठल्या नाटकातल्या, हे आता मलाही सांगता येत नाही.